डुकरांच्या गाडीतला राजा

"कुणाला पटायचं नाही, पण राजाला मी डुकरांच्या गाडीतून बाहेर काढला," ऑर्डगार म्हणाला आणि शिंगातली जवाची दारू त्यानं एका दमात संपवली. "अंगावर दोन माद्या. एकीनं त्याच्या कानाचा लचका तोडला. पण राजा हूं नाही की चूं नाही! नॉर्मन शिपाई पुढ्यातच उभे होते ना."

"गेल्या वर्षी नाक होतं," टोकी कुंभार म्हणाला. बाकावरचे सगळे खिदळले.

"नाकाचंही सांगतो. दम धर की लेका."

नॉर्मनांशी झालेल्या त्या लढाईला वीस वर्षं झाली होती. राजाचे अंगरक्षक म्हणून गेलेल्यांपैकी गावात परतला तो एकटा ऑर्डगार. राजाच्या अंगरक्षकांची शपथ असे, राजा पडला तर आपण जिवंत परतायचं नाही. ऑर्डगार तर समोर बसून पीत होता. तेव्हा राजा जिवंतच असणार, हे गावानं केव्हाच ठरवून टाकलं होतं.

त्याला ना बायको, ना पोर. झोपडीत गेला की बोलायला एक शेळी. वुल्फरूनच्या दारूच्या घरात मात्र त्याला रोज जागा होती, तीही फुकट. ती त्याच्या लढाईतल्या सोबत्याची विधवा. गोष्ट सुरू झाली की ती उठून आत पिंपांपाशी जायची.

"आता राजा थकलाय," ऑर्डगार रंगात आला. "तिकडे उत्तरेत पोराला गादीवर बसवायच्या तयारीत आहे. माणसं तेवढी कमी पडतायत."

वुल्फरूनचा एकुलता एक मुलगा सिवर्ड उठला. भिंतीवरची बापाची कुऱ्हाड त्यानं खाली काढली.

"मी निघालो, काका. वाट सांगा."

कुणी हसलं नाही. ऑर्डगारनं रिकामं शिंग पुन्हा तोंडाला लावलं.

"अरे, लांब आहे ते. थंडीही फार..."

"असू दे. वाट सांगा."

ऑर्डगारनं आतल्या दाराकडे पाहिलं. वुल्फरून बाहेर आली. तिनं कुऱ्हाडीचा दांडा धरला. सिवर्ड सोडेना. तीही सोडेना.

"लढाईच्या दुसऱ्या दिवशी तुझ्या बापाला शोधायला मी गेले होते," ती म्हणाली. ती बोलत होती मुलाशी, पाहत होती ऑर्डगारकडे. "राजाच्या अंगावर पालथा पडला होता तो. दोघंही गार. ऑर्डगार तेवढा तिथं नव्हता."