करकोच्यांचं तळं

"हो, हो, हो!" पत्र्याचा डबा बडवत सर्जेराव काठाकाठाने पळाला, आणि तळ्यातले सगळे करकोचे एकदम वर उठले.

गोजरबाई कमरेवर हात ठेवून बघत राहिली. हल्ली रोज सकाळी हेच.

बहात्तरच्या दुष्काळात या तळ्याच्या कामावर तिनेच माती वाहिली होती, खडी फोडली होती. तेव्हा नवरा जिता होता. पुढे तो गेला, लेक बेबीनंदा जुन्या जालन्यात नांदायला गेली, आणि घरात बोलायला भिंती उरल्या. तलाव भरला तशी या भागात कुणी कधी न पाहिलेली पाखरं हिवाळ्यात उतरू लागली. राखाडी, उंच, लांब मानेची. दिवस उगवला की गोजरबाई बांधावर जाऊन बसायची. भाकरी तिथेच खायची. लेकीची खुशाली, गुडघ्याचं दुखणं, सगळं त्यांना सांगायची. पाखरं कुर्र कुर्र करायची. हिला वाटायचं, हुंकार देतायत.

"तुझा काठावरला हरभरा तर कव्हाच घरी गेला," ती सर्जेरावला म्हणाली. "मंग कशापायी छळून राह्यला त्यांला?"

"इथं नको बसायला त्यांनी."

"तळं काय तुझ्या बापाचं हाय?"

त्याने मान खाली घातली आणि डबा काखेत मारून चालू लागला.

गोजरबाई तशीच पोलीस पाटलाकडे, काकासाहेबांकडे गेली. एकटी बाई डोळ्यांत पाणी आणून सांगतेय म्हटल्यावर काकासाहेबांनी सर्जेरावला बोलावून चारचौघांत दम भरला. "पुन्हा तळ्यावर दिसलास तर बघ!"

सर्जेराव "बरं" म्हणाला. पाखरं का उडवतो, ते मात्र त्याने तिथेही सांगितलं नाही.

दिवस मावळताना तो तिच्या दारात आला. आत काही आला नाही.

"मावशी, उद्या सकाळी एकडाव उडवू द्या. काकासाहेबाला तुम्ही सांगा."

"का म्हणून?"

"ते न्हाई सांगता येत."

"मंग मी बी बिलकुल न्हाई ऐकायची. लोकाला घरदार असतंय, पोरंबाळं असतेत. मला तेवढीच हायेत रे."

डोक्याचा पटका सारखा करून तो निघून गेला.

सकाळी डबा वाजला नाही. गोजरबाई खुशीत बांधावर चढली. करकोचे काठालाच होते. ती उतरून जवळ गेली तरी उडाले नाहीत. माना चिखलात टाकून पडले होते. आजूबाजूला भिजवलेले गहू सांडले होते, आणि पिकावर फवारायच्या औषधाचा उग्र वास नाकात शिरत होता.

पलीकडे एक जण वाकून पाखरं पोत्यात भरत होता. चाहूल लागली तसं त्याने वर पाहिलं.

सर्जेरावचा एकुलता एक लेक, वसंता.