तरंगणारी केरसुणी

फोन घेऊन कश्मिरा स्वयंपाकघरात गेली आणि तिनं दार लोटलं. ते दार कधीच पुरतं लागत नसे, हे मात्र ती विसरली.

"हां सिद्धार्थ भैया, मंगल को आ जाइए," ती दबक्या आवाजात सांगत होती. "ये ड्यूटी पर रहेंगे. माँजी का मौन रहता है, शाम तक किसी को फोन भी नहीं करेंगी. बस, इनको पता न चले."

देवघरात वाती वळत बसलेल्या भानुमतीबाईंच्या बोटांतली वात तुटली.

सिद्धार्थ त्यांना चांगला ठाऊक होता. ग्वाल्हेरचा हा माणूस जुने व्हॅक्यूम क्लीनर जमवायचा. दोन वर्षांपूर्वी लक्ष्मी गेटजवळचं हे घर शोधत आला होता आणि कोपऱ्यातल्या मशीनपुढे हात जोडून उभा राहिला होता. "आजी, हे जमवणारे लोक याच्यासाठी झुरतात. आणि तुमचं तर चालू आहे!"

"विकायचं नाही," त्यांनी एका वाक्यात संपवलं होतं. मग अमोघनंच त्याला गल्लीच्या तोंडापर्यंत पोचवलं. लेक तसा शहाणा. आलेल्याला नाही म्हणावं, पण गोडीनं.

मशीन होतंच तसं. घागरीएवढा गोल चेंडू. बटण दाबलं की स्वतःच्याच हवेवर जमिनीपासून बोटभर वर उठायचं आणि वासरासारखं मागे मागे यायचं. त्यांच्या यजमानांनी, दिवाकररावांनी, रेल्वेच्या बंगल्याच्या लिलावातून आणलं होतं. पहिल्या दिवाळीला सासूबाई म्हणाल्या, "हे काय नवीन खूळ?" तेव्हा दिवाकरराव म्हणाले, "झाडतंय ना? मग तीही लक्ष्मीच." तेव्हापासून लक्ष्मीपूजनाला केरसुणीशेजारी तिचा पाट ठरलेला. दरवर्षी माथ्यावर हळदकुंकू. ते कुणी पुसायचं नाही. वर्षांवर वर्षं साचून त्याचा खपलीसारखा जाड टिळा झाला होता.

अमोघनं ग्वाल्हेरला नेऊन तिला पॉलिश करून आणलं, तेव्हा तो टिळा गेला. भानुमतीबाईंच्या काळजात चर्र झालं. पण लेकानं हौसेनं केलेलं, बोलणार काय? त्यानंतर ती चाललीही नाही. "वय झालं तिचं, आई," अमोघ म्हणाला. त्यांनी चकचकीत माथ्यावर पुन्हा पहिल्यापासून कुंकू लावायला घेतलं.

नंतर घरात आलेली सून मात्र मध्येच विचारायची, "आई, तिचा आवाज कसा होता हो?" आता त्या चौकशीचा अर्थ लागत होता. गिऱ्हाईकाला सांगायला हवा ना!

नवऱ्याच्या पाठीमागे घरातली लक्ष्मी विकायला निघाली ही! आणि दिवस कुठला निवडला, तर सासूच्या तोंडाला कुलूप असतं तो. व्रताचाच फायदा घ्यायचा! तळपायाची आग मस्तकात गेली, पण त्यांनी नवी वात वळायला घेतली. म्हटलं, बघू.

मंगळवारी अमोघ पहाटेच ड्यूटीवर गाडी घेऊन गेला. "स्टेशनवर जाऊन येते हां, आई," म्हणत दुपारी कश्मिराही बाहेर पडली. भानुमतीबाई माळ ओढत होत्या. प्रत्येक मण्याला नाव देवाचं, आणि डोळ्यांपुढे सून.

तेवढ्यात गल्लीत कबाडीची, भंगारवाल्याची, हाक आली.

त्या उठल्या. परक्याच्या काचेच्या कपाटात बसण्यापेक्षा मोडीत गेलेली बरी. मशीनपुढे वाकून त्यांनी नमस्कार केला, दारात जाऊन टाळी वाजवली आणि कोपऱ्याकडे बोट दाखवलं.

"जो लै जाएँ, अम्मा? सच्ची?"

ने म्हणून त्यांनी मान हलवली. कबाडीनं एका हातानं मशीन उचललं. "अरे, जो तो भौतई हल्को है!"

भानुमतीबाईंनी कपाळाला आठी घातली. घेताना यांना सगळं हलकंच लागतं. तो खिशात हात घालू लागला, तर त्यांनी हातानंच नको म्हटलं आणि दार लावलं. मग पदर तोंडाला लावून रडल्या, आवाज न करता.

ऊन कलताना कश्मिरा आली. मागे सिद्धार्थ, छातीशी मोठं खोकं धरलेला. न्यायला खोकंसुद्धा घेऊन आलाय मेला!

कश्मिराची नजर कोपऱ्यावर गेली. "आई, मशीन?"

भानुमतीबाईंनी दाराकडे बोट केलं आणि कबाडीला बोलवायची टाळी वाजवून दाखवली. आता रड, म्हटलं मनात.

कश्मिरा चक्क हसली. "जाऊ दे, आई. बरंच झालं."

ते हसू त्यांना मिरचीसारखं झोंबलं. बरंच झालं? थांब. दिवा लागू दे, मौन सुटू दे. दिवसभराचं सगळं जिभेवर रांग लावून उभं होतं. त्या तरातरा देवघरात गेल्या, समईत तेल घातलं, वात सारखी केली.

आणि मागे घुंऽऽ असा आवाज आला. खोल, गोल, ओळखीचा.

त्या वळल्या. बैठकीत, जमिनीपासून बोटभर वर, तो चेंडू हलकेच डुलत होता. माथ्यावर हळदकुंकवाचा जाड, खपलीसारखा टिळा होता.

"आजी, आम्ही जमवणारे पहिल्या घराची खूण पुसत नाही," सिद्धार्थ मान खाली घालून म्हणाला. "मला विकताना अमोघजी म्हणाले होते, नंतर तुम्ही राजी झालात. माझ्याकडचं रिकामं कवच मागून नेलं त्यांनी. शोभेला ठेवतो म्हणाले. भाभीजींनी मला शोधून काढलं, तेव्हा कळलं."

भानुमतीबाई पुन्हा देवाकडे वळल्या. काडी ओढून त्यांनी समई लावली, हात जोडले. मौन सुटलं.

"कश्मिरा," त्या म्हणाल्या, "अमोघला फोन लाव."