उजव्या अंगाचा टर्बो

गॅरेजमध्ये स्वतःच्या हातांनी जोडत आणलेल्या गाडीला आल्विनला हेच जुनं टर्बो इंजिन हवं होतं. मोडीच्या गाड्यांच्या त्या अड्ड्यावर तो त्याच्याशेजारी ठाण मांडून बसला होता.

"अरे बाबा, याचा टर्बो उजव्या अंगाला आहे," अड्डेवाला नॉरिस वैतागून म्हणाला. "स्टिअरिंगचा दांडा नेमका तिथूनच जातो. ते पलीकडचं घे. त्याचा टर्बो डावीकडे आहे, आणि चाललंयही कमी."

"हेच घेणार."

"मग स्टिअरिंग कुठे बसवशील, डिकीत?"

"डावीकडे."

"इंग्लंडात? लोक हसतील रे."

"हसू देत."

आल्विनची बायको ग्लेंडा डावा कान पुढे करून ऐकत होती. "देऊन टाक, नॉरिस," ती म्हणाली. "ह्याचं एकदा ठरलं की काळ्या दगडावरची रेघ."

वसंतात गाडी तयार झाली. पहिल्या फेरीला ग्लेंडा सवयीनं डावीकडे गेली, तर तिथे स्टिअरिंग. नवऱ्याच्या हट्टाला नावं ठेवत ती वळसा घालून उजवीकडे बसली.

चावी फिरवण्याआधी, समोर बघतच, आल्विननं हळूच विचारलं, "चहाचा थर्मास घेतलास ना?"

"घेतला," ती म्हणाली, आणि तशीच थबकली. लग्न झाल्यापासून गाडीत तो जे जे बोलला होता, ते सगळं तिच्या बहिऱ्या उजव्या कानापाशीच राहून गेलं होतं.