सलग रेघ

"सर, ही रेघ तुम्ही स्वतः चाललात, अल्वा?" सहनानं लॅपटॉप त्यांच्याकडं वळवला.

श्रीनिवासराव चष्मा पुसत राहिले.

सगळ्या देशाचा खडकांचा नकाशा आता संगणकावर चढत होता. जुने कागदी नकाशे एकमेकांना जोडता जोडता भूगर्भ खात्यातली सहना सरगूरच्या नकाशापाशी अडली. तो श्रीनिवासरावांनी बेचाळीस वर्षांपूर्वी केला होता. निवृत्त माणसाला ऑफिसात कशाला बोलवायचं, म्हणून ती अग्रहारातल्या त्यांच्या घरीच आली. देवराज मोहल्ल्यातल्या मराठी घरची मुलगी, 'नाही का'च्या जागी कन्नड 'अल्वा' म्हणणारी. श्रीनिवासरावांची बायको गेल्याला आठ महिने झाले होते, आणि तेव्हापासून या घरात इतका वेळ कुणी बसलं नव्हतं. त्यांनी कॉफी केली. सवयीनं तीन पेले भरले.

"नियम तुम्हीच आम्हाला शिकवलात," सहना म्हणाली. "डोळ्यांनी बघितलं तर सलग रेघ. अंदाज असला तर तुटक. इथं दोन खडकांमधली हद्द साडेतीन किलोमीटर सलग आहे, आणि तुमच्या डायरीत तेच चार दिवस कोरे."

"अलीकडं ग्रॅनाइट, पलीकडं पापुद्र्यांचा शिस्ट. रेघ बरोबर आहे."

"असेल, सर. पण बघणाऱ्याचं नाव घातल्याशिवाय हे पुढं सरकत नाही. तुमचं घालते."

हो म्हटलं की संपलं होतं. त्या रेघेवर त्यांचं खात्यात नाव झालं होतं. पाहुणे आले की ते ती गोष्ट रंगवून सांगत. ओढा, काटे, उन्हाचा तडाखा. तेवढ्यात स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज यायचा, "हो हो, सगळं हेच चालले!" पाहुणे हसायचे. तेही हसायचे.

आता आतून काही येत नव्हतं.

"नको," ते म्हणाले. "मी चाललो नाही. ते चार दिवस मी तंबूत तापानं पडून होतो."

"अय्यो, सर!" सहनाचा चेहरा उतरला. ती हळूच म्हणाली, "मग तुटक करावी लागेल."

"थांब."

ते आत गेले. फळीवरच्या मागच्या डब्यातून एक पिशवी घेऊन आले. ब्लाउजपीसची, हातानं शिवलेली. त्यांनी ती टेबलावर उपडी केली. लिंबाएवढे एकतीस दगड. प्रत्येकावर चिकटपट्टी, तिच्यावर तारीख आणि बारीक गोल अक्षर. सहनानं एक उचलून वाचला. 'ओढ्याच्या अलीकडं. वाटणाचा दगड.' मग दुसरा. 'पलीकडं, वीस पावलांवर. याचे पापुद्रे निघतात. वाटायला उपयोग नाही.'

तिनं तारखा बघितल्या. तेच चार दिवस.

"हे तुमचं अक्षर नाही."

"माझा हातोडा घेऊन ही गेली होती. बरोबर कॅम्पातला एक गडी. लग्नाला तेव्हा दोन महिने झाले होते. रोज संध्याकाळी दगड माझ्या उशाशी आणून ओतायची. कुठला कुठं मिळाला ते सांगायची आणि मी पडल्या पडल्या रेघ पुढं ओढायचो. माझी नोकरी नवी होती. कुणाला सांगू नका म्हणाली. मी बेचाळीस वर्षं सांगितलं नाही."

सहनानं दगड एकेक करून पिशवीत भरले. मग लॅपटॉप पुढं ओढला.

"सलगच ठेवते, सर. नाव काय घालू?"

त्यांनी जन्मभर बायकोला 'अगं' म्हणून हाक मारली होती. लग्नातल्या उखाण्यानंतर तिचं नाव कधी मोठ्यानं घेतलं नव्हतं.

"तुंगा," ते म्हणाले.

सहना टाइप करू लागली. श्रीनिवासराव स्वयंपाकघराच्या दाराकडं वळले.

"हो हो," ते म्हणाले, "सगळं हीच चालली."