चौथं कडवं

तिसरं कडवं संपलं आणि तानबाने ढोलकीवर शेवटचा तोडा वाजवून गाणं बंदच करून टाकलं. मांडवात टाळ्यांचा कडकडाट झाला. प्रेमदासने मान वळवून असं पाहिलं की तानबाने जीभ चावली.

"अबे, चौथं बाकी हाय न!" माइकवर हात ठेवून प्रेमदास म्हणाला.

"कॅसेट आयकू आयकू हातालेच तसं वळण पडलं, भाऊ."

कॅसेट! प्रेमदासची पहिली कॅसेट निघून दोन महिने झाले होते, आणि तेव्हापासून त्याला या शब्दाचाच वीट आला होता. तसं पाहिलं तर तिच्यामुळेच आज सिंदी मेघेच्या भीमजयंतीत त्याला बोलावणं होतं. नाहीतर हिंगणघाटच्या बावीस वर्षांच्या पोराला इथे कोण विचारतो? पानठेल्यावर तीच वाजत होती, लग्नाच्या मांडवात तीच. बाबासाहेबांची दहा गाणी, वर प्रेमदासचा कोट घातलेला फोटो. कोट फोटोवाल्याचा होता, पण ते जाऊ द्या.

दहाही गाणी भैयाजींची. भैयाजी हिंगणघाटला जिनात, म्हणजे सरकी काढायच्या गिरणीत, हमाल. दिवसभर पाठीवर कापसाचे बोजे वाहायचे आणि संध्याकाळी पाठकोऱ्या कागदावर गाणी लिहायची. प्रेमदासला सूर त्यांनीच दिला. या गाण्यांची रीत अशी की लिहिणाऱ्याचं नाव शेवटच्या कडव्यात येतं. गाणारा कितीही मोठा असो, ते नाव त्याने घ्यायचंच. नाव गाळणाऱ्या गायकाला वस्तीत कोणी चहाही विचारत नाही.

आणि प्रेमदासने ते दहा वेळा गाळलं होतं. नागपूरचा कंपनीवाला म्हणाला, एका बाजूत तीस मिनिटं, पाच गाणी बसवायची, तीन-तीन कडवी पुरे. काचेच्या खोलीत, कानाला ते मोठे हेडफोन लावलेले, नेमकं बोलायचं तिथेच प्रेमदासची दातखीळ बसली. तो "हो" म्हणाला. पुढे कॅसेट आली तर तिच्यावर छापलेलं, गीत: पारंपरिक. भैयाजींनी ते वाचलं, कॅसेट उलटीपालटी केली, पुन्हा वाचलं.

"फोटो चांगला आला, बापू," एवढंच म्हणाले.

त्यापेक्षा दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं. प्रेमदासने तिथल्या तिथे त्यांच्या पायाला हात लावून शब्द दिला, पहिल्या मोठ्या स्टेजवर तुमचं नाव घेतो. म्हणून तर आज त्यांना एसटीत खिडकीजवळ बसवून आणलं होतं. पहिल्या रांगेत, कडक इस्तरीचा पांढरा सदरा घालून, गुडघ्यांवर हात ठेवून ते बसले होते. सदऱ्याची घडी मोडू नये म्हणून पाठही टेकवत नव्हते.

"थांबा जी, गाणं संपलं नाई!" प्रेमदासने टाळ्या थांबवल्या, तानबाला खूण केली आणि छाती भरून आवाज लावला.

"म्हणे भैयाजी, जिनातला हमाल,
भीमाने हाती दिली ही मशाल..."

तीन कडवी मांडव त्याच्याबरोबर गात होता. आता एकही ओठ हलेना. बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. प्रेमदासने तीच ओळ पुन्हा म्हटली, जरा मोठ्याने. मागून कोणीतरी ओरडलं, "ओ भाऊ, हे कॅसेटमंधी नाई!"

"कॅसेटमंधी हाय तसंच म्हणा न!" दुसरा.

प्रेमदासची कानशिलं तापली. तो तिसऱ्यांदा ओळ धरणार, तोच समितीचे अध्यक्ष प्रभाकरराव उठून स्टेजजवळ आले. भला माणूस, जिल्हा परिषदेत नोकरीला. आवाज खाली ठेवून बोलले, पण समोर माइक होता आणि ते सगळ्या मांडवाने ऐकलं.

"प्रेमदासजी, आपल्या आज्या-पणज्यापासूनचं गाणं हाय हे. तुम्ही त्याच्यात कोण्या हमालाचं नाव काऊन घुसाडून राह्यले?"

मांडवात हशा पिकला. कोणीतरी "बराबर हाय!" म्हणालं. प्रेमदासला रडू कोसळायचं तेवढं बाकी राहिलं. कोणावर चिडावं? हे लोक काही खोटं बोलत नव्हते. त्यांच्या घरच्या कॅसेटवर तसंच छापलं होतं, आणि तसंच गायलंही होतं, त्याच्याच आवाजात.

त्याने पेटी बाजूला सारली आणि माइक ओढून घेतला.

"आयका! हे गाणं आज्या-पणज्याचं नाई. लिहिणारा जिता हाय. मी त्याचं नाव खाल्लं, कंपनीनं नाई, मी! भैयाजी इथंच बसून हायेत, तुमच्यात. भैयाजी, उभे राहा जी!"

 खुर्च्या करकरल्या. प्रभाकरराव वळले, बाया वळल्या, कडेला उभी असलेली माणसं टाचा उंच करून पाहू लागली. कोण भैयाजी? कुठे आहे?

"उभे राहा जी, भैयाजी," प्रेमदास पुन्हा म्हणाला.

पहिल्या रांगेतल्या, पांढऱ्या सदऱ्यातल्या म्हाताऱ्याने गुडघ्यांवरचे हात उचलले. खुर्चीची पाठ धरली आणि सगळ्यांसारखाच तोही मागे वळून गर्दीत भैयाजीला शोधू लागला.