धाकट्याचं लग्न

बालिगे गावच्या दवाखान्यात आमच्या ह्यांचं हृदय चार मिनिटं बंद पडलं होतं. हे शुद्धीवर आले तसे पाळकसाहेब बायबल घेऊन खाटेशी येऊन बसले. "प्रभूचं दर्शन झालं का हो?"

"दारापर्यंत गेलो होतो," हे म्हणाले. "प्रभूच्या आधी माझा बापच आडवा आला. म्हणाला, धाकट्याचं लग्न झालं का? मी नाही म्हटलं, तर तिथूनच हाकलून दिलं."

पाळकसाहेबांनी बायबल मिटलं. असलं काही त्यात लिहिलेलं नाही. पण आम्हा बाताक जमातीच्या माणसांना खुलासा लागला नाही. एक जरी लेकरू बिनलग्नाचं राहिलं, तर आमच्यात म्हाताऱ्याच्या मयतीला ढोल वाजत नाहीत, कुणी नाचत नाही. ते मरण अपुरंच धरतात.

आमच्या धाकट्याचं नाव सहात, चाळिशीला टेकलेला. बापाच्या उशाशी बसून त्यानं सगळं ऐकलं. नशिबानं त्याचं लग्न ठरलेलंच होतं, पुढच्या महिन्यात. डुकरं सांगून ठेवलेली, चर्चमध्ये नावं पुकारून झालेली.

आठवड्यानं हे घरी आले, आणि दुसऱ्याच दिवशी सहातनं ते लग्न मोडलं.

माझं डोकंच फिरलं. "मेल्या, बापाला सुखानं मरूसुद्धा देणार नाहीस का?"

तो बापाच्या भातावर माशाचा रस्सा वाढत होता. मान वर न करता म्हणाला,


"नाही."