लोकरीचा वाघ

दुपारी जेवून रावजी घोरू लागला, की मालू वाघ उसवायला बसे.

वाघ लोकरीचा, तिबेटी गालिच्यावरचा. नाकापासून शेपटीपर्यंत कसर लागलेला. सकाळी रावजी चाचपत चाचपत सुईनं शेपटीकडच्या गाठी भरी, आणि दुपारी मालू डोक्याकडच्या, आधी भरलेल्या गाठी उपटून काढी. उद्या माणसाला काम नको?

साखरेनं रावजीचे डोळे नेले होते. आधी रंग गेले. बहरीनला, मनामाच्या बाजारात हाशिमशेटच्या दुकानात तो गालिचे दुरुस्त करायचा. एका गिऱ्हाइकाच्या ड्रॅगनला त्यानं हिरव्याऐवजी तांबड्या मिशा लावल्या, तेव्हा हाशिमनं त्याच्या बायकोला, मालूला एकटीला बोलावलं.

"गाठ अच्छा है, मालू. लेकिन रंग मफी, रंग नहीं. खलास."

मग त्याची त्यालाच लाज वाटली असावी. व्हिसा संपेपर्यंत राहा म्हणाला, आणि विकण्याच्या लायकीचा न उरलेला हा वाघ नि उरल्यासुरल्या लोकरीचं पोतं तिच्या हवाली केलं.

बुसैतीनच्या खोलीवर येऊन मालूनं सांगितलं, की शेट यापुढे काम घरीच धाडणार. रावजीचा चेहरा असा उजळला, की खरं सांगायची तिची छातीच झाली नाही. शेपटीपर्यंत गाठी भरून झाल्या की ती वाघ काखेत मारून बाहेर पडे, आणि तोच "नवा" म्हणून परत आणी.

"ह्या बहरीनात सगळ्यांका वाघच कित्याक होयो?" रावजी विचारी.

"माका काय ठाऊक? गिऱ्हाइकां मागतत."

"पयलां लामा वाघार बसत. खऱ्या कातड्यार. ता गावला नाय, तेव्हा लोकरीचो विणूक लागले. आता शेख बसतत." आणि तो हसे.

हे त्याला दार्जिलिंगच्या एका म्हातारीनं सांगितलेलं. तरुणपणी मुंबईच्या गालिचेवाल्याबरोबर तो तिकडे गेला आणि तिबेटी निर्वासितांच्या हातमागावर बसून कसब शिकून आला. सळईवर लोकरीचे फेर घ्यायचे, ठोकून बसवायचे, सुरीनं सर्रकन कापायचे. म्हातारी प्रत्येकाची गाठ नखानं ओढून बघे. निघाली तर सगळी ओळ उसवायला लावी. "देश सुटला, आता गाठ सुटता कामा नये," ती म्हणे.

ते वाक्य रावजीनं देवासारखं जपलं. १९७६ साली बहरीनला आला, तोही या गाठीच्याच जोरावर. त्याची एक गाठ काढायची तर मालूच्या सुईला घाम फुटे. मुनीराबाईंच्या घरची भांडी घासून आधीच चिरलेली तिची बोटं मग ठणकत राहत. एकदा रावजीनं तिचा हात हातात घेतला, बोटांवरून अंगठा फिरवला.

"ह्या काय गो?"

"मॅडमकडचा ब्लीच."

तो पुन्हा सुई चाचपू लागला.

पोत्यातली लोकर संपली, तेव्हा तिनं त्याचाच जुना स्वेटर उसवला.

"ही लोकर खंयच्या मेंढराची गो?"

"दार्जिलिंगची."

"दार्जिलिंगची मेंढरां हल्ली साबणान न्हातत वाटता."

मालूला हसू आलं नाही. हल्ली गाठी सैल येत होत्या. सुईचीही गरज नव्हती, चिमटीत धरली की गाठ अलगद हातात येई. जेवणाचं ताट सरकवताक्षणी रावजी घोरायलाही लागे. माणूस थकत चालला होता. डोळे गेले तेव्हा ती रडली नव्हती, हात आहेत म्हणून. आता हातही निघाले. व्हिसा संपला की वेंगुर्ल्याला परत, आणि तिथं याला ओटीवर नुसतं बसवून ठेवायचं. यातून सुटका नव्हती.

एके सकाळी कामाला निघताना तिला राहवलं नाही. आपल्या मनातली भीती तिनं हाशिमच्या तोंडी घातली.

"हाशिमशेट म्हणी होतो, गाठी सैल पडतत. हात दुखतत काय तुमचे?"

रावजीनं सुई वाघाच्या पाठीत खोचून ठेवली.

"हात बरे आसत, मालू. मुद्दाम सैल मारतंय. उसवताना तुझी बोटां सोलतत."